चक बेरी आणि रॉक अँड रोल : श्रेय, स्वामित्व आणि वर्णरेषेचा इतिहास

गोषवारा

रॉक अँड रोल या अमेरिकन संगीतप्रकाराच्या जडणघडणीत चक बेरी (१९२६–२०१७) या आफ्रिकन-अमेरिकन गायक, गिटारवादक व गीतकाराचे स्थान पायाभूत मानले जाते. प्रस्तुत लेखात बेरी यांच्या जीवनकार्याचा आढावा 'गीत कोणाचे?' या एका प्रश्नाच्या अनुषंगाने घेतला आहे. 'मेबेलीन' या गीतावर छापली गेलेली तीन नावे, गीतांच्या पुनर्ध्वनिमुद्रणातून उद्भवलेले वाद, पियानोवादक जॉनी जॉन्सन यांचा न्यायालयीन दावा आणि १९७७ सालच्या व्हॉयेजर अंतराळयानातील ध्वनिमुद्रिका या घटनांच्या आधारे श्रेय, स्वामित्व आणि प्रत्यक्ष निर्मिती यांतील अंतर स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : रॉक अँड रोल, स्वामित्वहक्क, वर्णविभाजन, ध्वनिमुद्रण व्यवसाय, साधनचिकित्सा.

१. प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत उदयास आलेल्या रॉक अँड रोल संगीताने पुढील काही दशकांत जगभरच्या तरुण पिढीच्या अभिरुचीवर खोल परिणाम केला. या संगीताचा इतिहास बहुधा लोकप्रिय कलावंतांच्या यशोगाथांच्या रूपात लिहिला गेला. ध्वनिमुद्रिकांची विक्री, लोकप्रियतेच्या यादीतील क्रमांक आणि रंगमंचावरील करामती यांभोवतीच हे लेखन फिरत राहिले. परिणामी ज्या आर्थिक, कायदेशीर व सामाजिक व्यवस्थेत हे संगीत जन्माला आले, तिचा विचार मागे पडला.

गीतावर कोणाचे नाव छापले गेले, त्याच्या उत्पन्नाचा वाटा कोणाला मिळाला आणि ते घडविण्यात प्रत्यक्ष कोणाकोणाचा हात होता, हे प्रश्न वरवर पाहता एकच वाटतात. प्रत्यक्षात त्यांची उत्तरे पुष्कळदा निरनिराळी असतात. चक बेरी यांच्या चरित्रात हे तिन्ही प्रश्न एकत्र येतात. विशेष म्हणजे कारकिर्दीच्या आरंभी ज्यांच्या श्रेयाचे वाटे पाडले गेले, त्याच बेरींवर उत्तरायुष्यात दुसऱ्याचे श्रेय दडविल्याचा आरोप झाला.

इतिहासाच्या अभ्यासकाला यात आणखी एका कारणाने रस वाटावा. ध्वनिमुद्रिकेच्या मध्यभागी चिकटविलेली नामपट्टी हे समकालीन व अस्सल साधन होय. तथापि, कागद अस्सल आहे म्हणून त्यावरील मजकूर खरा ठरत नाही, हा साधनचिकित्सेचा पहिला धडा येथेही लागू पडतो.

२. 'द व्हिल' : सामाजिक पार्श्वभूमी

चार्ल्स एडवर्ड अँडरसन बेरी यांचा जन्म १८ ऑक्टोबर १९२६ रोजी मिसुरी राज्यातील सेंट लुइस येथे झाला. शहराच्या उत्तर भागातील 'द व्हिल' ही वस्ती आफ्रिकन-अमेरिकन मध्यमवर्गाचे केंद्र होती. १८७५ मध्ये स्थापन झालेले समनर हायस्कूल आणि केशप्रसाधनाच्या व्यवसायातून मोठी संपत्ती मिळविणाऱ्या अ‍ॅनी मलोन यांनी उभारलेले पोरो कॉलेज या संस्था याच परिसरात होत्या. बेरी यांचे वडील सुतारकाम व बांधकामाची कंत्राटे घेत आणि बॅप्टिस्ट चर्चमध्ये डीकन म्हणून सेवा करीत. आई सुशिक्षित होती. घरात धार्मिक संगीत आणि कविता यांचे संस्कार होते.

ही वस्ती एकसंध व स्वाभिमानी होती. पण तिच्या सीमा रहिवाशांनी स्वेच्छेने आखलेल्या नव्हत्या. गौरेतरांना घर विकू नये अशी अट घालणारे करार सेंट लुइसमध्ये सर्रास प्रचलित होते. अशा करारांची अंमलबजावणी न्यायालयांना करता येणार नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात दिला. हा खटला सेंट लुइसमधीलच एका घरावरून उभा राहिला होता. त्यानंतर दोन वर्षांनी, १९५० मध्ये, बेरी यांनी व्हिटियर स्ट्रीटवर एक लहानसे विटांचे घर विकत घेतले. त्यांच्या पहिल्या महत्त्वाच्या रचना या घरातील वास्तव्याच्या काळातल्या आहेत. २००८ मध्ये या वास्तूचा समावेश अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत करण्यात आला.

बेरी यांचे तारुण्य सरळ मार्गाने गेले नाही. १९४४ मध्ये सशस्त्र लुटीच्या गुन्ह्यात त्यांना सुधारगृहात पाठविण्यात आले आणि १९४७ मध्ये, एकविसाव्या वाढदिवशी, त्यांची सुटका झाली. १९४८ मध्ये त्यांचा विवाह झाला. पुढे मोटारींच्या कारखान्यात मजुरी, इमारतीची झाडलोट अशी कामे करीत असतानाच त्यांनी पोरो कॉलेजात केशप्रसाधनाचे शिक्षण घेतले. संगीत हा आरंभी कुटुंबाच्या उत्पन्नाला जोड देणारा व्यवसाय होता. गाण्याचा मोबदला हा श्रमाचा मोबदला आहे, ही त्यांची पुढे सर्वपरिचित झालेली भूमिका या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते.

३. कॉस्मोपॉलिटन क्लब आणि सुरावटीची घडण

१९५२ च्या अखेरच्या रात्री पियानोवादक जॉनी जॉन्सन यांच्या वाद्यवृंदातील एक वादक आजारी पडल्याने बदली म्हणून बेरी यांना बोलावण्यात आले. मिसिसिपी नदीपलीकडे, इलिनॉय राज्यातील ईस्ट सेंट लुइस येथील कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये हा वाद्यवृंद नियमित वाजवीत असे. थोड्याच अवधीत बेरी त्याचे प्रमुख गायक व सूत्रधार झाले.

या क्लबमध्ये त्यांनी एक धाडसी प्रयोग केला. ब्लूज ऐकण्यासाठी जमलेल्या कृष्णवर्णीय श्रोत्यांसमोर त्यांनी ग्रामीण गौरवर्णीयांची म्हणून ओळखली जाणारी 'हिलबिली' गाणी गायला सुरुवात केली. श्रोते आधी हसले, नंतर त्यावर नाचू लागले आणि पुढे गौरवर्णीय श्रोतेही क्लबमध्ये येऊ लागले. दोन समाजांच्या संगीतांत व्यवसायाने उभी केलेली भिंत मुळात किती पातळ होती, हे या अनुभवातून बेरी यांच्या ध्यानी आले असावे. कृष्णवर्णीय कलावंतांच्या ध्वनिमुद्रिकांसाठी 'बिलबोर्ड' हे व्यवसायपत्र १९४९ पर्यंत 'रेस रेकॉर्ड्स' अशी संज्ञा वापरीत असे. त्या वर्षी तिची जागा 'रिदम अँड ब्लूज' या संज्ञेने घेतली. नाव बदलले, तरी यादी वेगळीच राहिली.

बेरी यांची शैली अनेक प्रवाहांच्या मिश्रणातून घडली. बारा मात्राखंडांच्या ब्लूजचा साचा तिच्या मुळाशी आहे. बूगी-वूगी पियानोवादनात डावा हात जी धावती लय धरतो, ती त्यांनी गिटारच्या खर्जाच्या तारांवर आणली. एकाच वेळी दोन तारा छेडून स्वरयुग्मे काढण्याची पद्धत टी-बोन वॉकर यांच्यासारख्या ब्लूज वादकांकडून त्यांच्याकडे आली. 'जॉनी बी. गुड' या गीताचा जगप्रसिद्ध प्रारंभ लुई जॉर्डन यांच्या १९४६ सालच्या एका ध्वनिमुद्रणात कार्ल होगन यांनी वाजविलेल्या गिटारच्या तुकड्याशी अगदी निकटचे साम्य दाखवितो, आणि होगन यांचे ऋण बेरी मोकळेपणाने मान्य करीत. शब्दोच्चारांच्या स्पष्टतेसाठी त्यांनी नॅट किंग कोल यांचा आदर्श समोर ठेवला होता.

तेव्हा 'बेरी यांनी रॉक अँड रोल शोधून काढले' हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येणार नाही. प्रचलित सामग्री त्यांनी अशा रीतीने जुळविली की गिटार हे साथीचे वाद्य न राहता गायकाशी संवाद करणारा दुसरा आवाज बनले. तिला त्यांनी शाळा, मोटार, नाचघर आणि पगार या नागर तरुणांच्या जगातील तपशिलांनी भरलेली कथनात्मक गीते दिली. १९५७ चे 'स्कूल डे' व 'रॉक अँड रोल म्युझिक', १९५८ चे 'स्वीट लिटल सिक्स्टीन' ही त्याची ठळक उदाहरणे होत. परंपरेकडून घेणे आणि घेतलेल्यातून नवे घडविणे या प्रक्रियेत एका व्यक्तीची निर्मिती नेमकी कोठे सुरू होते, हा प्रश्न येथूनच उभा राहतो.

४. 'मेबेलीन' : एक गीत, तीन नावे

मे १९५५ मध्ये बेरी शिकागोला गेले. तेथे ब्लूज गायक मडी वॉटर्स यांनी त्यांना चेस रेकॉर्ड्स कंपनीचे लेनर्ड चेस यांना भेटण्याचा सल्ला दिला. २१ मे १९५५ रोजी 'मेबेलीन' हे गीत मुद्रित झाले. त्याचा आधार 'आयडा रेड' हे पारंपरिक ग्रामीण गीत होता. बॉब विल्स यांनी १९३८ मध्ये ते मुद्रित केले होते. बेरी यांनी शब्द नव्याने लिहिले, मोटारींच्या शर्यतीचे कथानक रचले आणि चालीला ब्लूजची धार दिली. हे गीत 'बिलबोर्ड'च्या रिदम अँड ब्लूज यादीत पहिल्या आणि सर्वसाधारण विक्रीच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. कृष्णवर्णीय कलावंताच्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेसाठी हे यश असामान्य होते.

ध्वनिमुद्रिका बाजारात आली तेव्हा गीतकार म्हणून तीन नावे नोंदली गेली होती : चक बेरी, अ‍ॅलन फ्रीड आणि रस फ्राटो. फ्रीड हे न्यूयॉर्कमधील विन्स नभोवाणी केंद्राचे अत्यंत प्रभावी निवेदक होते. फ्राटो हे चेस बंधूंच्या व्यवहारातील परिचित गृहस्थ होते. गीताच्या रचनेत दोघांचाही सहभाग नव्हता. फ्रीड यांना गीताच्या उत्पन्नात वाटा मिळाला की ते गीत पुनःपुन्हा प्रसारित करण्यात त्यांचे हित निर्माण होई. रोख रकमेऐवजी श्रेयाच्या रूपाने दिलेला तो मोबदलाच होता. बेरी यांनी पुढे आत्मचरित्रात नमूद केल्याप्रमाणे, मोठी नावे जोडल्याने गीताकडे अधिक लक्ष वेधले जाईल, असे त्यांना सांगण्यात आले होते.

या वाटणीचा अर्थ कळण्यासाठी तत्कालीन कायद्याची रचना पाहणे आवश्यक आहे. अमेरिकेच्या १९०९ सालच्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार प्रत्येक विकल्या गेलेल्या प्रतीमागे गीताच्या हक्कधारकास दोन सेंट देण्याचा वैधानिक दर होता. व्यवसायातील रूढीप्रमाणे त्यातील निम्मा भाग प्रकाशक कंपनीकडे जाई आणि उरलेला गीतकारांना मिळे. या दराने हिशेब केल्यास दहा लाख प्रतींमागे वीस हजार डॉलर होतात. त्यातील दहा हजार प्रकाशकाचे, आणि उरलेल्या दहा हजारांचे तीन समान वाटे केल्यास प्रत्यक्ष रचनाकाराच्या हाती सुमारे ३,३३३ डॉलर पडतात. बेरी यांच्या गीतांचे प्रकाशन करणारी आर्क म्युझिक ही कंपनी चेस बंधूंच्याच भागीदारीतील होती. म्हणजे ध्वनिमुद्रक आणि प्रकाशक या दोन्ही नात्यांनी उत्पन्न एकाच गोटात जात असे.

नभोवाणी निवेदकांना दिल्या जाणाऱ्या छुप्या मोबदल्याची चौकशी अमेरिकन काँग्रेसने १९५९–६० मध्ये सुरू केली. फ्रीड यांनी १९६२ मध्ये व्यावसायिक लाचखोरीच्या आरोपाची कबुली दिली आणि १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव मात्र 'मेबेलीन'वर कायम राहिले. या गीताचे संपूर्ण श्रेय बेरी यांना परत मिळण्यास १९८६ साल उजाडावे लागले. एकतीस वर्षे एक असत्य नोंद अधिकृत साधन म्हणून वावरत होती.

५. वर्णरेषा : शब्दांतील आणि प्रेक्षागृहातील

'मेबेलीन'ला ज्या वर्षी यश मिळाले, त्याच वर्षाच्या अखेरीस माँटगोमेरी येथे बस-बहिष्काराचे आंदोलन सुरू झाले. दक्षिणेकडील राज्यांत प्रेक्षागृहेही वर्णानुसार विभागलेली होती. टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल येथे बेरी कार्यक्रमासाठी पोहोचले असता आयोजकांनी त्यांना प्रवेश नाकारला. ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांनी गायक गौरवर्णीय असल्याची समजूत करून घेतली होती. ध्वनिमुद्रिकेत वर्ण दिसत नाही, हीच बेरी यांच्या यशाची एक वाट होती. आणि प्रत्यक्ष व्यक्ती दिसताच ती वाट बंद होत होती.

या परिस्थितीशी बेरी यांनी शब्दांच्या पातळीवर अनेक प्रकारे व्यवहार केला. १९५६ सालच्या 'ब्राउन आइड हँडसम मॅन' या गीताच्या शीर्षकात डोळ्यांचा रंग सांगितला आहे. तो त्वचेच्या रंगाचा पर्याय आहे, हे वाचन अभ्यासकांत सर्वमान्यप्राय आहे. १९५८ सालच्या 'जॉनी बी. गुड' या गीतातील नायकाचे वर्णन करताना त्यांनी आधी वर्णदर्शक विशेषण योजले होते. नभोवाणीवर गीत अडू नये म्हणून त्यांनी त्याऐवजी नायकाला खेड्यातला मुलगा केले. एका शब्दाच्या या बदलाने गीत सर्व तरुणांचे झाले. त्याच वेळी त्यातून एका कृष्णवर्णीय मुलाच्या महत्त्वाकांक्षेची उघड खूण पुसली गेली. नायकाच्या आडनावात मात्र ती वेगळ्या रूपाने उरली आहे : बेरी यांचा जन्म सेंट लुइसमधील गुड अ‍ॅव्हेन्यूवर झाला होता.

१९५८ मध्ये बेरी यांनी सेंट लुइसमध्ये 'क्लब बँडस्टँड' सुरू केला. तेथे कृष्णवर्णीय व गौरवर्णीय दोघांनाही मुक्त प्रवेश होता. गीतांतून साधलेला मिश्र श्रोतृवर्ग एका छताखाली आणण्याचा हा प्रयत्न फार काळ टिकला नाही.

६. खटला, कारावास आणि 'प्रॉमिस्ड लँड'

डिसेंबर १९५९ मध्ये बेरी यांना मान अ‍ॅक्टखाली अटक झाली. अनैतिक हेतूने स्त्रियांना राज्याच्या सीमेपलीकडे नेण्यास मनाई करणारा हा १९१० सालचा कायदा होता. क्लबमध्ये कामाला लावण्यासाठी त्यांनी एका चौदा वर्षांच्या मूलनिवासी मुलीला अन्य राज्यातून आणले होते आणि तिचे लैंगिक शोषण केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. पहिल्या खटल्यात त्यांना दोषी ठरविण्यात आले. परंतु न्यायाधीशांचे वर्तन पूर्वग्रहदूषित असल्याच्या कारणावरून अपील न्यायालयाने १९६० मध्ये ती शिक्षा रद्द केली. १९६१ मधील फेरखटल्यातही ते दोषी ठरले आणि त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. त्यांपैकी सुमारे दीड वर्ष भोगून ऑक्टोबर १९६३ मध्ये ते सुटले.

या प्रकरणाचे मूल्यमापन करताना दोन टोकांच्या भूमिका आढळतात. एकीनुसार हा निव्वळ वर्णद्वेषाचा बळी होता. दुसरीनुसार खटल्यातील वर्णद्वेष गौण होता. दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. मुष्टियोद्धा जॅक जॉन्सन यांच्यापासून या कायद्याचा वापर यशस्वी कृष्णवर्णीयांविरुद्ध झाल्याचा इतिहास आहे आणि पहिल्या खटल्यातील पक्षपात वरिष्ठ न्यायालयानेच मान्य केला. तरीही संबंधित मुलगी अल्पवयीन, निराधार आणि दुर्लक्षित समाजातील होती, ही वस्तुस्थिती त्यामुळे बदलत नाही. बेरींवरील अन्यायाचे वर्णन करताना तिच्यावरील अन्याय झाकला जाणे हेही एक प्रकारचे विस्मरणच होय.

कारावासात बेरी यांनी लेखाशास्त्र व व्यवसाय व्यवस्थापनाचा अभ्यास केला आणि 'नदीन', 'नो पर्टिक्युलर प्लेस टू गो', 'यू नेव्हर कॅन टेल' व 'प्रॉमिस्ड लँड' यांसारखी गीते लिहिली. १९६४ मध्ये प्रकाशित झालेल्या 'प्रॉमिस्ड लँड'ची चाल 'वॉबॅश कॅननबॉल' या जुन्या लोकगीतावर बेतलेली आहे. व्हर्जिनियातील नॉरफोक येथून कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या एका तरुणाचा प्रवास त्यात आहे. बस रॉक हिल हे गाव टाळून पुढे जाते आणि अलाबामात बिघडते, तेव्हा नायक बर्मिंगहॅमहून रेल्वेचा आधार घेतो. मे १९६१ मध्ये बसप्रवासातील वर्णविभाजन मोडण्यासाठी निघालेल्या 'फ्रीडम रायडर्स'ना रॉक हिल येथे मारहाण झाली होती आणि बर्मिंगहॅममध्ये जमावाने त्यांच्यावर हल्ला केला होता. गीतात या घटनांचा उल्लेख नाही. पण स्थळांचा क्रम ऐकणाऱ्या तत्कालीन श्रोत्याला तो सांगण्याची गरजही नव्हती. ही स्थळे नकाशावर तपासण्यासाठी बेरी यांना तुरुंगात नकाशासंग्रह मिळविणे अवघड गेले होते, हे त्यांनी आत्मचरित्रात नोंदविले आहे.

७. गीतांचा प्रवास आणि स्वामित्वाचे वाद

बेरी तुरुंगात असताना त्यांची गीते अन्यत्र नवे आयुष्य जगू लागली होती. मार्च १९६३ मध्ये द बीच बॉइज या गौरवर्णीय वाद्यवृंदाचे 'सर्फिन यूएसए' हे गीत प्रकाशित झाले. त्याची चाल 'स्वीट लिटल सिक्स्टीन'ची होती, तरी नामपट्टीवर प्रथम ब्रायन विल्सन यांचे एकट्याचेच नाव होते. वाद उद्भवताच हक्क आर्क म्युझिककडे सुपूर्द करण्यात आले आणि पुढील आवृत्त्यांवर बेरी यांचे नाव आले. जून १९६३ मध्ये द रोलिंग स्टोन्स यांनी आपली पहिली ध्वनिमुद्रिका म्हणून बेरी यांचेच 'कम ऑन' निवडले. द बीटल्स यांनी 'रोल ओव्हर बीथोव्हन' (१९६३) व 'रॉक अँड रोल म्युझिक' (१९६४) मुद्रित केली. या ब्रिटिश वादकांनी मूळ रचनाकाराचे नाव नोंदविले आणि त्याचे ऋण जाहीरपणे मान्य केले. त्यामुळे बेरी यांच्या दुसऱ्या कारकिर्दीला मोठा हातभार लागला.

कायदा मात्र रचनाकारापेक्षा हक्कधारकाकडे पाहतो, हे १९६९ सालच्या 'कम टुगेदर' प्रकरणात दिसून आले. जॉन लेनन यांच्या या रचनेत बेरी यांच्या 'यू कान्ट कॅच मी' या गीताचा अंश असल्याचा दावा दाखल झाला. दावा बेरी यांनी केलेला नव्हता. त्या गीताच्या प्रकाशनाचे हक्क मॉरिस लेव्ही यांच्या कंपनीकडे होते. हे लेव्ही एकेकाळी अ‍ॅलन फ्रीड यांचे व्यवस्थापक होते. तडजोडीनुसार लेनन यांनी लेव्ही यांच्या मालकीची गीते गाण्याचे मान्य केले आणि 'यू कान्ट कॅच मी' हे गीत १९७५ च्या त्यांच्या 'रॉक अँड रोल' या संग्रहात आले. ज्या गीतावरून हा संघर्ष झाला, त्याचा रचनाकार या संघर्षात पक्षकारच नव्हता.

८. जॉनी जॉन्सन यांचा दावा

बेरी यांची बहुसंख्य गीते ज्या स्वरपट्टीत आहेत, त्या गिटारवादकाला सहज सुचणाऱ्या नाहीत. कोमल बी व कोमल ई या पट्ट्या पियानोवादकाच्या हाताला सोयीच्या असतात. गिटारवादक कीथ रिचर्ड्स यांनी या निरीक्षणावरून जॉन्सन यांच्या योगदानाकडे लक्ष वेधले. बेरी यांच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त १९८६ मध्ये सेंट लुइस येथे झालेल्या मैफलींवर आधारित 'हेल! हेल! रॉक अँड रोल' (१९८७) या अनुबोधपटात या विषयाची चर्चा झाली आणि विस्मृतीत गेलेले जॉन्सन पुन्हा प्रकाशात आले.

नोव्हेंबर २००० मध्ये जॉन्सन यांनी पन्नासाहून अधिक गीतांच्या सहनिर्मितीचा दावा न्यायालयात दाखल केला. शब्द बेरी यांचे असले तरी चाली दोघांनी पियानो व गिटारवर एकत्र बसून बांधल्या, असे त्यांचे म्हणणे होते. २००२ मध्ये हा दावा मुदतबाह्य ठरवून फेटाळण्यात आला. म्हणजे गीते कोणाची, या मूळ प्रश्नावर न्यायालयाने मत दिलेच नाही. २००५ मध्ये जॉन्सन निवर्तले. 'जॉनी बी. गुड' या गीताची मूळ प्रेरणा जॉनी जॉन्सन हेच होते, असे बेरी यांनी सांगितले होते. गीताच्या शीर्षकात जॉन्सन यांचे नाव राहिले, श्रेयनामावलीत आले नाही.

'मेबेलीन' आणि जॉन्सन ही दोन प्रकरणे एकाच मापाने मोजता येणार नाहीत. पहिल्यात गीताशी संबंध नसलेल्यांची नावे घातली गेली. दुसऱ्यात सहवादनातून घडलेल्या संगीताची विभागणी करण्यास कायद्याकडे साधनच नव्हते. १९०९ च्या कायद्याला शब्द आणि सुरावट दिसत होती. चालीला आकार देणारी साथ, लयीचा झोक, दोन वादकांतील देवाणघेवाण यांची नोंद त्यात होत नव्हती. ज्या व्यवस्थेने बेरी यांच्या श्रेयाचे वाटे पाडले, तिनेच जॉन्सन यांना वाटा नाकारला.

९. उत्तरायुष्य

१९७२ मध्ये 'माय डिंग-अ-लिंग' या हलक्याफुलक्या गीताने बेरी यांना अमेरिकेच्या सर्वसाधारण यादीतील एकमेव पहिला क्रमांक मिळवून दिला. त्यांच्या श्रेष्ठ गीतांच्या वाट्याला तो कधी आला नाही. या काळात ते केवळ गिटार घेऊन प्रवास करीत. साथीदार स्थानिक आयोजकाने पुरवायचे आणि मानधन रंगमंचावर जाण्यापूर्वी रोखीने द्यायचे, ही त्यांची अट असे. तालमीविना झालेल्या अनेक मैफली त्यामुळे सुमार ठरल्या. या वृत्तीला लोभ म्हणणे सोपे आहे. पण ज्याच्या पहिल्याच गीताच्या उत्पन्नाचे कागदावर तीन वाटे झाले, त्याचा कागदावरील विश्वास उडाला असल्यास नवल नाही. त्याची किंमतही त्यांनी मोजली. १९७९ मध्ये प्राप्तिकर चुकविल्याच्या गुन्ह्याची त्यांनी कबुली दिली आणि त्यांना चार महिन्यांचा कारावास व एक हजार तासांची समाजसेवा अशी शिक्षा झाली. १९९० मध्ये त्यांच्या उपाहारगृहाच्या स्वच्छतागृहात छुप्या चित्रीकरणाचा आरोप अनेक स्त्रियांनी केला आणि ते प्रकरण तडजोडीने मिटले. वारशाची चर्चा करताना ही नोंद वगळता येत नाही.

सन्मानही पुष्कळ लाभले. १९८६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या पहिल्याच मानकऱ्यांत त्यांचा समावेश झाला, २००० मध्ये केनेडी सेंटर सन्मान आणि २०१४ मध्ये पोलर संगीत पारितोषिक मिळाले. १९९६ ते २०१४ या काळात सेंट लुइसमधील 'ब्लूबेरी हिल' येथे त्यांनी दरमहा कार्यक्रम केले. १८ मार्च २०१७ रोजी त्यांचे निधन झाले.

१०. अंतराळातील नामपट्टी

१९७७ मध्ये अमेरिकेच्या नासा या संस्थेने सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर मानवी संस्कृतीचा परिचय देणारी सुवर्णलेपित ध्वनिमुद्रिका बसविण्यात आली. कार्ल सेगन यांच्या नेतृत्वाखालील समितीने निवडलेल्या सत्तावीस रचनांत 'जॉनी बी. गुड'चा समावेश होता. रॉक संगीत पोरवयाचे आहे, असा आक्षेप लोकसंगीताचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी घेतला होता. पृथ्वीवर पोरवयाची माणसेही पुष्कळ आहेत, अशा आशयाचे उत्तर सेगन यांनी दिले.

याच ध्वनिमुद्रिकेवर भारतीय संगीताचे प्रतिनिधित्व गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर करतात. जयपूर-अत्रौली घराण्याच्या या थोर गायिकेची भैरवीतील 'जात कहाँ हो' ही रचना तीवर आहे. दुसरे यान निघाल्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाईंचे मुंबईत निधन झाले. ध्वनिमुद्रिकेच्या यादीतील दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. केसरबाईंच्या नोंदीत त्या गायिका म्हणून येतात. बंदिश कोणाची, याचा उल्लेख नाही. बंदिशी गुरुमुखातून शिष्याकडे येतात आणि गायकीतून नव्याने साकार होतात, अशा परंपरेत रचनाकाराचे नाव न येणे अस्वाभाविक वाटत नाही. बेरी यांच्या नोंदीत मात्र रचना व सादरीकरण या दोहोंचे श्रेय त्यांना एकट्यालाच दिले आहे. फ्रीड यांचे नाव 'मेबेलीन'वरून हटण्यास तेव्हा आणखी नऊ वर्षे बाकी होती. जॉन्सन यांचे नाव या नोंदीतही नाही.

११. समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. एक, रॉक अँड रोलचा उदय ही जशी सांगीतिक घटना होती, तशीच ती कृष्णवर्णीय निर्मितीचे गौरवर्णीयांच्या नियंत्रणाखालील बाजारपेठेत रूपांतर होण्याची आर्थिक घटना होती. दोन, त्या बाजारपेठेतील लिखित नोंदी निर्मितीचे वास्तव सांगण्यापेक्षा सत्तेचे वास्तव अधिक सांगतात. 'मेबेलीन'ची नामपट्टी गीत कोणी लिहिले हे सांगत नाही. ते लोकांपर्यंत पोहोचू देण्याचा अधिकार कोणाकडे होता, हे ती नेमके सांगते. त्या अर्थाने खोटी नोंदही मौल्यवान साधन ठरते. तीन, अन्यायाचा अनुभव आलेली व्यक्ती दुसऱ्यावर अन्याय करीत नाही, असे नाही. बेरी यांच्या आयुष्यातील स्त्रिया आणि साथीदार यांचा विचार केल्याविना त्यांचे चरित्र पूर्ण होत नाही.

बेरी यांची गीते आज त्यांच्या नावावर आहेत आणि त्यांतील बहुतांश निर्मिती त्यांचीच आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि, त्या गीतांत होगन यांची गिटार, विल्स यांच्या मुलखातील लोकगीत आणि जॉन्सन यांचा पियानोही वाजतो. कायद्याला एक नाव पुरेसे असते. इतिहासाला ते पुरत नाही. ज्यांची नावे कोठेच छापली गेली नाहीत, त्यांचाही शोध त्याला घ्यावा लागतो.